संसदीय कायदा आणि कार्यपद्धतीचा पीजी डिप्लोमा: करावा की एलएलएमच बरं?

तळटीप_वाचक
नमस्कार. एलएलबी झालंय, सध्या एका वकील मॅडमकडे ज्युनिअर आहे, पण मला कोर्टापेक्षा सभागृहात काय चालतं त्यातच जास्त इंटरेस्ट आहे, म्हणजे विधेयक कुठे अडतं, अध्यक्ष कशाच्या आधारावर निर्णय देतात, सभागृहाचा किंवा सदस्यांचा हक्कभंग नेमका कधी होतो वगैरे. घरचे म्हणतात एलएलएम कर आणि नेट दे. मला संसदीय कार्यपद्धतीचा डिप्लोमा करावासा वाटतोय. खरंच काही शिकायला मिळतं का? आणि पुढे काम कुठे मिळतं? ज्यांना माहितीये त्यांनी प्लीज सांगा.

औचित्याचा_मुद्दा
मी काही वर्षं विधिमंडळाच्या समित्यांचं काम जवळून बघितलंय, त्यावरून सांगतो. फी आणि सर्टिफिकेट नंतर बघा, आधी अभ्यासक्रमात कामकाजाचे वृत्तांत वाचायला लावतात का ते विचारा. राज्यघटनेच्या कलम ११८ खाली संसदेची सभागृहं स्वतःचे नियम करतात आणि राज्यात २०८ खाली, हे कोणीही पाठ करेल. पण शून्य प्रहर घ्या (प्रश्नोत्तराच्या तासानंतर तातडीचे मुद्दे मांडायची वेळ), नियमांच्या पुस्तकात तो नाहीच आणि तरी सगळं राजकारण त्यात दिसतं. परंपरा, अध्यक्षांचे जुने निर्णय, आणि कोणत्या नियमाखाली सूचना दिली तर ती दाखल होते, हे वृत्तांत वाचूनच कळतं. लोकसभेचं १९५२ पासूनचं कामकाज ऑनलाइन फुकट वाचता येतं, पण कुणी बसवून वाचून घेतलं नाही तर आपण वाचत नाही हेही खरं.

आणखी एक, शिकवणारे राज्याचं वेगळं शिकवतात का तेही बघा, कारण बहुतेक ठिकाणी फक्त दिल्लीच शिकवतात. संसदेत दोन सभागृहांचं जुळलं नाही तर कलम १०८ ची संयुक्त बैठक आहे, ती आजवर तीनदाच झाली, १९६१, १९७८ आणि २००२. राज्यात ती सोयच नाही. साधं विधेयक विधान परिषद पहिल्यांदा तीन महिने आणि विधानसभेने परत मंजूर केल्यावर एक महिना थांबवू शकते, त्यापलीकडे काही नाही. महाराष्ट्रात काम करायचं असेल तर हे आलंच पाहिजे.

कपात_सूचना
कामाचं मी सांगते. वय २५ च्या आत असेल तर डिप्लोमाच्या आधी लॅम्प फेलोशिपचा फॉर्म भर. पीआरएस ही संसदेच्या कामकाजावर संशोधन करणारी संस्था ती चालवते, एका खासदाराबरोबर पावसाळी अधिवेशनापासून अर्थसंकल्पी अधिवेशन संपेपर्यंत काम करायचं, प्रश्न तयार करायचे, भाषणासाठी रिसर्च करायचा, विधेयकावर टिपणं काढायची. तिथे कळतं की १०० रुपयांची कपात सूचना (खात्याच्या खर्चाच्या मागणीतून १०० रुपये कमी करा अशी सूचना) ही पैसे वाचवायला नसतेच, सरकारच्या जबाबदारीतली एखादी ठरावीक तक्रार मांडायचा तो रस्ता आहे. फेलोशिप झाल्यावर खासदारांची ऑफिसं, पॉलिसी संस्था, पक्षांचे संशोधन विभाग असे पर्याय असतात. सचिवालयातल्या जागा मात्र जाहिरात आणि परीक्षेतूनच, तिथे डिप्लोमा असला म्हणून थेट घेतील अशी आशा धरू नकोस.

राज्यशास्त्र_मास्तर
माझं मत थोडं वेगळं आहे. शिकवायचं असेल तर एलएलएम सोडू नका, डिप्लोमाला त्याची जागा घेता येत नाही. एलएलएमचा प्रबंधच या विषयावर करा ना! कलम १२२ म्हणतं की कार्यपद्धतीतल्या अनियमिततेच्या कारणावरून संसदेच्या कामकाजाच्या वैधतेवर कोर्टात प्रश्न उपस्थित करता येणार नाही. मग सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये राजा राम पाल प्रकरणात (खासदारांच्या हकालपट्टीचं) अनियमितता वेगळी आणि बेकायदा किंवा घटनाबाह्य कृती वेगळी असं सांगितलं, म्हणजे दुसऱ्या बाबतीत कोर्ट बघू शकतं. ही रेघ नेमकी कुठे ओढायची यावर अजूनही वाद होतात, आणि मराठीत यावर नीट लिहिणारी माणसं फार कमी आहेत याची मला मनापासून खंत आहे. विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेचा संसदीय अभ्यासवर्ग भरतो, पुढे पीजीला प्रवेश घेतलात तर विभागप्रमुखांना नक्की विचारा.

तळटीप_वाचक
खूप खूप आभार सगळ्यांचे. @राज्यशास्त्र_मास्तर सर, प्रबंधासाठी पक्षांतरबंदी आणि व्हिप (प्रतोद, पक्षाच्या सदस्यांना मतदानाचा आदेश देणारा) घेतलं तर चालेल का? की त्यावर आधीच खूप झालंय?

राज्यशास्त्र_मास्तर
दहाव्या परिशिष्टावर, म्हणजे राज्यघटनेतल्या पक्षांतरबंदीच्या तरतुदींवर, खूप झालंय, पण व्हिपवर त्यामानाने कमी. मे २०२३ च्या सुभाष देसाई निकालात (शिवसेनेच्या फुटीवरच्या) व्हिप नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही, असं कोर्टाने म्हटलं. त्याआधी अध्यक्ष व्हिपची नोंद कशी घेत होते, पक्षाचं पत्र कुणाच्या सहीने यायचं, वाद झाला तर कुठली कागदपत्रं बघायचे, हे दोन-तीन राज्यांच्या वृत्तांतांतून काढा. महाराष्ट्रापासून सुरुवात करा, मराठी वृत्तांत तुम्हाला थेट वाचता येतील.

औचित्याचा_मुद्दा
+१. आणि त्या राज्यांचे पक्षांतराचे नियमही सोबत ठेवा, ते प्रत्येक सभागृहाचे वेगळे असतात, नुसता निकाल वाचून कळणार नाही.