मदत हवी आहे: लंडन ते टोकियो, प्रत्यक्षात किती तास?

आई पुढच्या महिन्यात लंडनहून टोकियोला एकटीच चालली आहे. तिला इन्शुलिन सुरू आहे. डोसांच्या वेळा बसवायच्या म्हणून डॉक्टरांनी विचारलंय, तिथे किती वाजलेले असतील ते नको, प्रवासात एकूण किती तास जातील ते सांगा. तिथेच घोडं अडलंय.

तिकिटावर निघायची वेळ सकाळी 10, पोहोचायची दुसऱ्या दिवशी सकाळी 8. उन्हाळ्यात टोकियो 8 तास पुढे, म्हणजे प्रवास 14 तासांचा. पण हवाई अंतर सगळीकडे 9,600 किमीच्या आसपास दिसतं. ताशी 900 किमी धरले तर पावणेअकरा तास पुरावेत. विमान मधे कुठे थांबतही नाही. मग वरचे तीन तास कुठले? आणि परतीला साडेचौदा तास का? जाणकारांनी कृपया सांगावं, डॉक्टरांना कोणता आकडा देऊ?

प्रतिसाद 1
14च सांगा. 9,600 किमी हे पृथ्वीगोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. गोलावर दोरा ताणून बघा, तो स्कँडिनेव्हियावरून थेट सायबेरियात शिरतो. 2022च्या सुरुवातीपर्यंत विमानं साधारण तशीच जायची आणि 12 तासांच्या आसपास पोहोचायची. युक्रेन युद्धानंतर रशियाचं आकाश ब्रिटिश कंपन्यांना बंद झालं, जपानी कंपन्यांनीही ती वाट सोडली. आता तुर्कस्तान, कझाकस्तान, चीन असा दक्षिणेचा वळसा पडतो. शिवाय तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं सगळं त्यातच.

परतीची गंमत वेगळी आहे. काही विमानं टोकियोहून निघतात तीही पूर्वेकडेच: पॅसिफिक, अलास्का, ग्रीनलंड आणि मग लंडन. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, जपानवर तर हिवाळ्यात फारच जोरात. तो वारा समोरून घेण्यापेक्षा पाठीशी घेऊन लांबून गेलेलं परवडतं.

धागाकर्ती
मनापासून आभार! म्हणजे आई पृथ्वीला पूर्ण फेरीच मारणार की! परतताना तारखेचा घोळ होईल का? सकाळी 10ला निघून ती त्याच दिवशी दुपारी साडेचारला लंडनमध्ये.

प्रतिसाद 2
घोळ होतो तो घड्याळामुळेच. फोन उतरल्यावर आपोआप वेळ बदलतो, म्हणून काकूंच्या हातात साधं मनगटी घड्याळ असू द्या आणि उतरेपर्यंत ते निघालेल्या शहराच्याच वेळेवर ठेवायला सांगा. डॉक्टरांकडून डोस त्याच वेळेप्रमाणे कागदावर लिहून घ्या, जाण्याचा वेगळा, येण्याचा वेगळा. विमानाला उशीर झाला तर काय करायचं तेही त्यावरच लिहून घ्या.

आणि इन्शुलिन हातातल्या बॅगेतच, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चेक-इन सामानात अजिबात नको. तिथल्या थंडीत ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्शुलिन वापरायचं नसतं.