लाँग वीकेंड आणि क्युबेक सिटी: तुमचे अनुभव लिहा

ऑक्टोबरचा दुसरा सोमवार म्हणजे कॅनडातला थँक्सगिव्हिंग. शनिवार-रविवार जोडून तीन दिवस मिळतात आणि टोरोंटोकडच्या आपल्या मंडळींत दरवर्षी तीच चर्चा सुरू होते: नायगरा, ऑटवा की क्युबेक? माझं मत ठाम आहे. क्युबेक सिटीला जा, आणि गेलात की तिथेच राहा. वाटेतलं मॉन्ट्रियल, ऑटवा, थाउजंड आयलंड्स सगळं एकाच सहलीत कोंबलं की क्युबेकच्या वाट्याला एक दुपार उरते. एका दुपारीत शातो फ्रॉन्तनाक या कड्यावरच्या प्रसिद्ध हॉटेलसमोरचा फोटो होतो, शहर होत नाही.

शाँप्लँ या फ्रेंच दर्यावर्दीने 1608 साली सेंट लॉरेन्स नदीच्या काठी वसवलेलं हे गाव. नदी इथे अरुंद होते आणि काठावर उंच कडा आहे. कड्याखाली व्यापाऱ्यांची खालची वस्ती, कड्यावर सरकार, चर्च आणि सैन्य. ही वरची-खालची रचना आजही जशीच्या तशी आहे. वरच्या गावाभोवती साधारण 4.6 किलोमीटरचा तट उभा आहे. मेक्सिकोच्या उत्तरेला असा तट शाबूत असलेलं दुसरं शहर नाही. 1985 पासून जुनं क्युबेक जागतिक वारसा यादीत आहे. तटाच्या आतलं सगळं पायी होतं, त्यामुळे गाडी एकदा लावली की निघेपर्यंत तिला हात लावायची गरज नाही.

टोरोंटोहून अंतर 800 किलोमीटर आहे. तेव्हा निदान एक दिवसाची रजा जोडा, नाहीतर सुट्टी रस्त्यावरच संपेल.

कोणत्या मोसमात गेलात, सोबत कोण होतं, काय केलंत आणि काय मुद्दाम सोडलंत, ते सविस्तर लिहा.

मॉन्ट्रियलहून, एकटी, रेल्वेने

मी शिकायला मॉन्ट्रियलला आहे. गाडी नाही, त्यामुळे रेल्वे. सव्वातीन-साडेतीन तास लागतात आणि स्टेशन अगदी मोक्याच्या जागी आहे. गार द्यु पाले ही इमारतच एखाद्या राजवाड्यासारखी, हिरव्या तांब्याच्या छपरांची. बाहेर पडून पायी पंधरा-वीस मिनिटांत खालच्या गावात पोचता येतं.

तटाच्या आतली हॉटेलं लाँग वीकेंडला परवडत नाहीत. मी सँ-रॉक भागात राहिले. तिथून वर जायला चढ मोठा आहे, पण सँ-रॉक आणि वरच्या सँ-जाँ-बातिस्त वस्तीला जोडणारी सार्वजनिक लिफ्ट आहे आणि ती फुकट आहे. ज्यांना जिने झेपत नाहीत त्यांनी ही लक्षात ठेवावी. वर आलं की सँ-जाँ रस्ता लागतो. तटाच्या दरवाजाबाहेरचा त्याचा भाग मला आतल्यापेक्षा जास्त आवडला: बेकरी, किराणा, पुस्तकांची दुकानं, आणि गिऱ्हाईक बहुतेक गावातलंच.

भाषेचा फार बाऊ करू नका. दुकानात शिरताना आधी 'बोंजूर' म्हणा, मग इंग्रजीत विचारा. थेट इंग्रजीत सुरुवात केली तरी उत्तर मिळतं, पण बोंजूरनंतर माणसं मोकळी होतात हा माझा दर वेळचा अनुभव आहे.

बॉस्टनजवळून, गाडीने

अमेरिकेतल्यांसाठी एक गोष्ट. कॅनडाचा थँक्सगिव्हिंग आणि अमेरिकेतला कोलंबस डे एकाच सोमवारी येतात. लेबर डेही दोन्हीकडे सप्टेंबरचा पहिला सोमवारच. म्हणजे या दोन वीकेंडना दोन्ही देशांतून एकदम गर्दी लोटते. आम्ही खोली उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच घेऊन ठेवली होती म्हणून मनासारखी मिळाली. व्हर्माँटमधून वर जाणारा रस्ता पानांच्या रंगांनी पेटलेला असतो, पण सीमेवर थांबावं लागतं, तो वेळ धरूनच निघा. भारतीय पासपोर्टवर ग्रीनकार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, दोन्ही कागद मात्र सोबत हवेत. एच-वन वाल्यांना (अमेरिकेत नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना) कॅनडाचा व्हिसा लागतो, तो वेळेत काढा.

सीमा ओलांडली की पाट्या फ्रेंच होतात. 'स्टॉप'च्या जागी 'आरे' लिहिलेलं असतं. आकार-रंग तोच, त्यामुळे गोंधळ होत नाही. पार्किंगच्या पाट्यांसाठी मात्र वारांची फ्रेंच नावं पाठ करा. कोणत्या वारी, किती ते किती लावायची नाही, हे सगळं त्या एका खांबावर एकाखाली एक लिहिलेलं असतं.

पुण्याहून आलेल्या आई-बाबांसोबत, सप्टेंबर

आईचे गुडघे दुखतात. खालच्या गावात फरसबंदी दगडी आहे आणि वर-खाली करायला उभे जिने. आम्ही फ्युनिक्युलरचा भरपूर वापर केला. कड्याला लागून चढणारा हा डबा 1879 पासून चालू आहे. खालचं टोक पेती शाँप्लँच्या गल्लीत आणि वरचं थेट दुफरँ गच्चीवर, शातोच्या पायथ्याशी. गच्चीवर लाकडी फळ्या आहेत, सपाट आहे आणि बसायला बाकं आहेत. आई तिथे नदी बघत तासन्तास बसली.

पण मला लिहायचंय ते लेव्हीबद्दल. समोरच्या काठावरचं हे गाव बहुतेक जण फेरीबोटीतून बघून परततात. फेरीला दहा-बारा मिनिटं लागतात, तिकीट अगदी थोडं, आणि कडा, शातो, तट असं अख्खं क्युबेक एका नजरेत फक्त पाण्यातूनच दिसतं. आम्ही उतरलो, कारण बाबांची पूर्ण नोकरी सहकारी बँकेत गेली आणि लेव्हीत आल्फाँस देझार्दँ यांचं घर आहे, जे आता संग्रहालय आहे. 1900 साली त्यांनी इथे पतपेढी काढली, उत्तर अमेरिकेतली पहिली. ते ऑटवाच्या संसदेत भाषणं टिपून घेण्याची नोकरी करायचे, त्यामुळे अधिवेशन चालू असताना पेढीचा कारभार त्यांच्या बायकोनं, दोरिमेननं, घरातूनच सांभाळला. पहिली ठेव होती 10 सेंटची.

बाबा त्या घरात एकेक फलक वाचत फिरले. तिथल्या मुलीला त्यांनी विचारलं की कर्ज कुणाला द्यायचं हे कसं ठरवत. ती म्हणाली, सभासद एकाच गावातले, सगळे एकमेकांना ओळखायचे. बाबांनी मान डोलावली आणि 1904 चा आपला सहकारी पतसंस्थांचा कायदा तिला समजावून सांगू लागले. मी दुभाषाचं काम केलं. धक्क्यापासून घरापर्यंत चढ आहे, वयस्कर मंडळींसाठी टॅक्सी करा. आणि लेव्हीचं आईस्क्रीम चॉकलेटमध्ये बुडवून देतात, ते खा.

इतिहासाचं वेड, सोबत तसाच एक मित्र

गडकिल्ल्यांवर फिरणाऱ्याला क्युबेक लगेच कळतं. आधी नदीतून कडा बघा, मग अब्राहमच्या पठारावर जा. आज तिथे हिरवळ आहे, लोक धावतात, पोरं पतंग उडवतात. 13 सप्टेंबर 1759 च्या पहाटे जनरल वुल्फचं इंग्रज सैन्य नदीतून येऊन, आँस-ओ-फूलोंच्या खाचेतून कडा चढून याच पठारावर उभं राहिलं. अंधारात कडा चढणं म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात कोण येतं ते सांगायला नको. फ्रेंच सेनापती मोंकाल्म जादा कुमक यायची वाट न बघता तटाबाहेर पडला. लढाईचा निकाल अर्ध्या तासाच्या आत-बाहेर लागला. वुल्फ रणातच पडला, मोंकाल्म दुसऱ्या दिवशी गेला, आणि 18 तारखेला शहर इंग्रजांच्या ताब्यात आलं.

ही लढाई इंग्रज-फ्रेंचांच्या सप्तवार्षिक युद्धातली, आणि तेच युद्ध आपल्याकडेही लढलं जात होतं. जानेवारी 1760 मध्ये फ्रेंच तामिळनाडूतल्या वांदिवाशला हरले आणि जानेवारी 1761 मध्ये पाँडिचेरी पडलं, त्याच आठवड्यात जेव्हा पानिपत झालं. पानिपतावर भाऊसाहेबांच्या बाजूनं शेवटपर्यंत लढलेला इब्राहिमखान गारदी फ्रेंच सेनापती बुसीच्या फौजेत तयार झालेला. त्या पठारावर उभं राहून आम्ही हे सगळं जोडत बसलो आणि दुपारचं जेवण राहून गेलं.

शातोच्या मागच्या बागेत एक स्तंभ आहे, तो चुकवू नका. जिंकलेल्या वुल्फ आणि हरलेल्या मोंकाल्म या दोघांचं ते एकत्र स्मारक आहे. जेत्यांनी पराभूत सेनापतीचं नाव आपल्या सेनापतीच्या बरोबरीनं कोरावं, हे मला फार मोठं वाटतं. सितादेल, म्हणजे कड्यावरची गढी, मात्र त्या लढाईनंतरची आहे, इंग्रजांनी 1820 ते 1850 दरम्यान बांधलेली. तिथे आजही सैन्य आहे, त्यामुळे आत वाटाड्याबरोबरच फिरता येतं.

शाकाहारी, नवरा-बायको

खाण्याचं कुणीच लिहिलं नाही म्हणून मी लिहिते. पुटीन म्हणजे बटाट्याच्या तळलेल्या फोडी, त्यावर चीजचे ताजे गोळे आणि वरून गरम तपकिरी रस्सा. चीज ताजं असेल तर दाताखाली 'चुई चुई' असा आवाज येतो, आणि तीच त्याची परीक्षा. पण तो रस्सा बहुतेक ठिकाणी मांसाच्या अर्काचा असतो. दिसायला पूर्ण शाकाहारी पदार्थ, म्हणून मुद्दाम सांगते. 'सोस वेजे' आहे का असं विचारायचं. बऱ्याच ठिकाणी असतो. वाटाण्याच्या सूपमध्ये डुकराचं मांस असतं, मेपल घालून शिजवलेल्या बीन्समध्येही. तूर्तिएर हा तर मांसाचाच 'पाय' (इंग्रजीतला pie).

मग खायचं काय? क्रेप खा, चीज-मशरूमचे किंवा गोड. बेकरीतले पाव आणि स्थानिक चीज घेऊन गच्चीवर बसा. साखरेचा पाय, तार्त ओ स्युक्र, एक दोघांत पुरतो, इतका गोड. आणि बर्फावर ओतलेला मेपलचा पाक. उकळता पाक स्वच्छ बर्फावर ओघळासारखा ओततात, तो क्षणात घट्ट होतो आणि काडीवर गुंडाळून खायचा. काकवी आवडणाऱ्यांना हे नक्की आवडेल.

मिसिसागा, दोन मुलं, फेब्रुवारी

सगळे पानांच्या रंगाला जातात, आम्ही हिवाळ्याच्या बाजूनं लिहितो. जानेवारीच्या शेवटी सुरू होणारा क्युबेकचा कार्निव्हल मुलांसाठी सुखाचा आहे. लाल टोपी आणि रंगीत कमरपट्टा घातलेला बोनोम, म्हणजे कार्निव्हलचा बर्फाचा माणूस, दिसला की लेकरं धावत सुटतात. गोठत चाललेल्या सेंट लॉरेन्सवर होड्यांची शर्यत होते. पाणी असेल तिथे वल्हवायचं, बर्फाचे तुकडे आले की उतरून होडी ढकलत पळायचं. पूर्वी हिवाळ्यात लोक खरंच अशी नदी ओलांडायचे. आम्ही धक्क्यावरून गळा बसेस्तोवर ओरडलो.

दुफरँ गच्चीवर 1884 पासूनची टोबोगन घसरगुंडी आहे. लाकडी घसरगाडी आपणच वर ओढत न्यायची आणि सुसाट खाली यायचं. मॉन्टमोरेन्सीचा धबधबा, 83 मीटर, म्हणजे नायगरापेक्षा उंच, गोठतो आणि तुषारांचा पायथ्याशी मोठा शंकू तयार होतो. उन्हाळ्यात तिथे कड्यावर चढणारे जिने आणि झुलता पूलही आहे.

थंडी मात्र उणे 20 च्या खाली जाते. मुलांना बर्फाची पँट, आतून लोकरीचा थर, दोन जोड हातमोजे. दर तासा-दीड तासानं कुठेतरी आत शिरून गरम चॉकलेट. ऑन्टारिओचा फॅमिली डे (फेब्रुवारीतला तिसरा सोमवार) क्युबेकला नसतो आणि कार्निव्हल कधी कधी त्याआधीच संपतो, म्हणून तारखा बघितल्याशिवाय खोली घेऊ नका.

सांगलीला सिव्हिल शिकलेला

गावाच्या पश्चिमेला क्युबेक ब्रिज आहे. पर्यटकांच्या यादीत तो नसतो, पण माझ्या सहलीचं कारणच तो होता. 549 मीटरचा मधला गाळा, कँटिलिव्हर पुलांत (दोन्ही बाजूंनी पुढे काढलेल्या हातांवर मधला भाग पेलणाऱ्या) आजही जगात सर्वांत लांब. कोलकात्याच्या हावडा पुलाचा 457. हा पूल दोनदा कोसळला. 29 ऑगस्ट 1907 रोजी बांधकाम चालू असताना दक्षिणेकडचा सांगाडा नदीत गेला आणि 75 कामगार मेले, त्यात 33 काहनवाके वस्तीतले मोहॉक आदिवासी होते. गाळा 1600 वरून 1800 फूट केला, पण पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब नव्यानं नीट मांडला नाही. दाब सोसणारे खालचे भाग वाकू लागल्याचं साइटवर दिसत होतं. काम थांबवायचा निरोप वेळेत पोचला नाही. 1916 मध्ये मधला तुकडा वर उचलताना निसटला, तेव्हा 13 जण गेले. 1917 मध्ये पूल पुरा झाला.

कॅनडातले इंजिनिअर करंगळीत लोखंडी अंगठी घालतात, ती कोसळलेल्या पुलाच्या लोखंडाची असते असं सांगतात. ते खरं नाही. पण जबाबदारीची आठवण म्हणून ती घालायची, हे खरं. मत्स्यालयाच्या बाजूनं पूल छान दिसतो, तेव्हा मुलांना घेऊन जाणाऱ्यांची दोन्ही कामं होतील. मॉन्ट्रियलची रेल्वे याच पुलावरून येते, खिडकीशी बसा.

क्युबेक सिटीतच राहणारा

मी इथे विद्यापीठात काम करतो, सँत-फुआला राहतो. वाचून आनंद झाला. थोडी भर.

सप्टेंबर-ऑक्टोबरात मोठी क्रूझ जहाजं धक्क्याला लागतात आणि भरदुपारी पेती शाँप्लँमध्ये पाय ठेवायला जागा नसते. ती गल्ली आणि प्लास रोयाल हा चौक सकाळी नऊच्या आत किंवा रात्री जेवणानंतर बघा. दुपारी तटावर चाला, किंवा मॉरिन सेंटरमध्ये जा: जुन्या तुरुंगाच्या इमारतीत इंग्रजी ग्रंथालय आहे आणि खालच्या कोठड्या वाटाड्यासोबत बघता येतात.

गाडी असेल तर एक दुपार इल दॉर्लेआं बेटाला द्या. शेतं लांबट पट्ट्यांची, रस्ता बेटाला वळसा घालणारा. जुलैत स्ट्रॉबेरी, सप्टेंबर-ऑक्टोबरात सफरचंदं. हिवाळ्यात बरंच बंद असतं.

24 जून हा क्युबेकचा राष्ट्रीय सण, गाणीबजावणी जोरात. 1 जुलैला मात्र इथे घरं बदलायचा दिवस असतो. बहुतेक भाडेकरार 30 जूनला संपतात, त्यामुळे रस्तोरस्ती सोफे आणि फ्रीज दिसतील. कॅनडा डेची मोठी धामधूम हवी असेल तर त्या वीकेंडला ऑटवा बरं. जुलैत पठारावर संगीत महोत्सव असतो, तेव्हा खोल्या सर्वांत महाग.

हिवाळ्यात गाडी आणणाऱ्यांनी रस्त्याकडेचे नारिंगी दिवे बघावेत. ते लुकलुकत असले की त्या रात्री बर्फ काढणार, गाडी तिथे ठेवली तर उचलून नेतात. संध्याकाळी दिवे बंद दिसले तरी झोपायच्या आधी एकदा हवामानाचा अंदाज बघा, आणि बर्फ पडणार असेल तर सरळ पार्किंग इमारतीत लावा.