सहल आखताना वार आणि अंतर एआय मॉडेलवर सोडू नका
सहल आखून देणारं ॲप बनवताना एक सल्ला असा असतो की प्रवाशाचं म्हणणं थेट एआय मॉडेलला (चॅटजीपीटीसारख्या) द्यावं आणि तीन दिवसांचा आखीव कार्यक्रम मागावा. घोळ तिथेच होतो. वेरूळ-अजिंठ्याचंच घ्या: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. मॉडेलला हे ठाऊक असतं, पण तारखेवरून वार काढताना ते चुकू शकतं आणि सोमवारी बिनदिक्कत अजिंठा टाकतं. म्हणून त्याच्याकडून फक्त तारखा, आवडी, बजेट, सोबत वयस्कर माणसं आहेत का, एवढंच जेसनमध्ये (कोडला थेट वाचता येईल अशा ठरावीक रचनेत) काढून घ्या. वार, वेळा, अंतरं आपल्या तक्त्यातून घ्या, क्रम साध्या कोडने लावा. वर्णन लिहायला मग पुन्हा मॉडेल, तिथे ते खरंच छान काम करतं.

अंतराचा सापळा याहून वाईट. संभाजीनगरहून अजिंठा साधारण १०० किमी, पण आपली गाडी लेण्यांपाशी जातच नाही. ती टी-पॉइंट या अलीकडच्या वाहनतळावर लावायची, पुढचे सुमारे ४ किमी तिथल्या बसने, मग पायऱ्या. तक्त्यात ‘वाहनतळ ते प्रवेशद्वार’ असा वेगळा रकाना ठेवा, त्यात निदान ४५ मिनिटं धरा. आणि प्रत्येक नोंदीपुढे ती शेवटची कधी पडताळली ती तारीख हवीच. सहा महिने उलटले असतील तर वापरणाऱ्याला ते ठळक दिसू द्या.