जवानांना दिवाळीची भेटकार्डे कोणत्या पत्त्यावर पाठवावीत?

प्रश्न (शिक्षिका, सांगली): आमच्या सातवीच्या मुलांनी सीमेवरील जवानांसाठी हाताने रंगवून 40 भेटकार्डे केली आहेत, ती दिवाळीपूर्वी पोहोचण्यासाठी पत्ता कसा लिहावा?

निवृत्त सुभेदार, सातारा: बाई, नुसते ‘सीमेवरील जवानांस’ असे लिहू नका. सीमाभागातील टपाल सेना टपाल सेवेमार्फत जाते; पत्त्यात ठिकाणाचे नाव नसते, तर युनिटचे नाव आणि ‘द्वारा 56 एपीओ’ (एपीओ म्हणजे सेनेचे टपाल कार्यालय) किंवा ‘द्वारा 99 एपीओ’ असते. ओळखीच्या जवानाला विचारून त्याच्या नावे सर्व कार्डे एकत्र पाठवलीत, तर तो ती तुकडीत वाटेल. महिनाभर आधी टाका, कारण उंचावरच्या चौक्यांपर्यंत टपाल पोहोचणे हवामानावर अवलंबून असते. आमच्या चौकीत आलेल्या एका कार्डावर मुलीने पणतीच्या ज्योतीच्या जागी लाल टिकली चिकटवली होती. ते कार्ड माझ्या ट्रंकेत अजून आहे.

वाचक, पुणे: माजी सैनिकांचाही विचार व्हावा, असे मला मनापासून वाटते. खडकीच्या पुनर्वसन केंद्रात पाठीच्या कण्याला इजा झालेले सैनिक राहतात. आपल्या जिल्ह्यातील माजी सैनिकांसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावे. 7 डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिनही त्यासाठी योग्य आहे.

शिक्षिका, सांगली: मनःपूर्वक आभार. एका विद्यार्थिनीचे काका सैन्यात आहेत. आजच त्यांच्या घरी विचारते.