मदत हवी आहे: ब्लिस-चिन्हे कृत्रिम भाषांच्या कोणत्या गटात बसवावीत?

नमस्कार मंडळी,

एका दिवाळी अंकासाठी कृत्रिम भाषांवर लेख लिहिताना वर्गीकरणापाशी मी अडलो आहे. सहसा या भाषा निर्मात्याच्या हेतूनुसार विभागल्या जातात. झामेनहॉफ यांनी १८८७ साली मांडलेली एस्पेरांतो भिन्नभाषी माणसांच्या संवादासाठी, लोजबान तर्कशुद्ध, एकार्थी वाक्यरचनेसाठी, आणि ‘बाहुबली’तील कालकेयांची किलिकी निव्वळ कथेसाठी. इथवर सारे सुरळीत आहे.

पेच आहे तो चार्ल्स ब्लिस यांच्या चिन्हांचा. ती उच्चारायची नसतात, पाहून समजून घ्यायची असतात: हृदयाची आकृती म्हणजे भावना, तिच्या शेजारी वर जाणारा बाण काढला की आनंद आणि खाली जाणारा काढला की दुःख. शांघायमधील वास्तव्यात चिनी लिपी पाहून ब्लिस यांना ही कल्पना सुचली आणि १९४९ साली ऑस्ट्रेलियात त्यांनी ती ग्रंथरूपाने मांडली, तेव्हा राष्ट्राराष्ट्रांतील गैरसमज मिटावेत असा त्यांचा (काहीसा भाबडा) हेतू होता. जगाने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. पुढे १९७१ मध्ये टोरांटोतील एका केंद्रात, सेरेब्रल पाल्सीमुळे बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी या चिन्हांचे तक्ते वापरात आले आणि बोटाने किंवा नुसत्या नजरेने चिन्ह दाखवून ती मुले मनातले सांगू लागली. ब्लिस आधी हरखले. मात्र शिक्षकांनी सोयीनुसार केलेले बदल त्यांना रुचले नाहीत आणि वाद कायदेशीर लढाईपर्यंत गेला.

माझा कल प्रत्यक्ष वापर हाच निकष मानण्याकडे आहे. परंतु तोच एस्पेरांतोला लावला, तर ती जगाची संपर्कभाषा न ठरता एका विखुरलेल्या समुदायाची, आणि काही घरांत तर चक्क मुलांची मातृभाषा ठरते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांनी यातून मार्ग सुचवावा.

दुसरी विनंती विशेष शाळांतील शिक्षकांना आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना आहे. मराठी घरातील मुलासोबत आपण हे तक्ते वापरले असल्यास, चिन्हांखालचे शब्द मराठीत होते का, आणि मूल ‘मी–पाणी–पिणे’ असे क्रियापद शेवटी ठेवून चिन्हे दाखवत असे का, हे कृपया कळवावे. मुलाची ओळख पटेल असा तपशील मात्र लिहू नये.