नेटवर्कवरचा व्हॉल्यूम कोणाच्या खाती मांडावा?

नेटवर्कवरून मिळणारा व्हॉल्यूम (म्हणजे स्टोरेजमधून वेगळा काढून दिलेला साठवणुकीचा भाग) उपकरणांच्या यादीत तो वापरणाऱ्या सर्व्हरखालीच डिस्कसारखा दाखवावा, अशी एक सूचना केली जाते; ती मला धोक्याची वाटते. नाशिकजवळच्या सातपूरमधील एका कारखान्यात आम्ही नेमके तेच केले होते आणि दोन सर्व्हरना जोडलेला एकच २ टीबीचा व्हॉल्यूम यादीत ४ टीबी म्हणून मोजला गेला. (खरेदीचा प्रस्तावही त्याच आकड्यावर गेला होता.) रेडफिश या सर्व्हर-व्यवस्थापनाच्या मानकाचा स्टोरेजसाठीचा विस्तार असलेल्या स्वोर्डफिशमध्ये व्हॉल्यूम स्टोरेजकडेच राहतो, त्याची जागा कोणत्या पूलमधून (एकत्रित साठ्यातून) आली हे ‘कपॅसिटी सोर्सेस’ सांगते आणि कोणत्या सर्व्हरला तो वापरू द्यायचा हे फॅब्रिकमधील (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणाऱ्या जाळ्यातील) ‘कनेक्शन’मध्ये नोंदवता येते. शिवाय थिन प्रोव्हिजनिंग (म्हणजे सगळी जागा आधीच न देता लागेल तशी देणे) असेल तर ‘अलोकेटेड’ (स्टोरेजने राखून दिलेले) आणि ‘कन्झ्युम्ड’ (प्रत्यक्ष वापरलेले) बाइट्स वेगवेगळे वाचावेत.