मदत हवी आहे: सातवीच्या वर्गात गुप्त मतदान गुप्त ठेवायचं कसं?

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यातल्या एका शाळेत सातवीला शिकवते. पट ३४. दरवर्षी वर्गमंत्री मीच ठरवते, यंदा म्हटलं रीतसर निवडणूक घेऊ. माझ्या चार-पाच निवडणूक ड्युट्या झाल्यात, त्यामुळे थाट सगळा केला. मतदार यादी, ओळख पटवणारा पहिला अधिकारी, डाव्या तर्जनीला शाई लावणारा दुसरा (शाई म्हणजे मार्कर, दोन दिवसांत गेली). मशीन कुठून आणणार? म्हणून वहीच्या कागदाच्या चिठ्ठ्या केल्या आणि आवडीच्या उमेदवाराचं नाव लिहायला सांगितलं.

इथंच घोळ झाला.

मोजणी फळ्यासमोर, सगळ्यांच्या देखत. पाचव्या चिठ्ठीलाच मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, हे त्याचंच अक्षर. त्याचा ळ असाच असतोय." उमेदवार तीन होते. दोन मुलगे, एक पाटाकडील तालमीच्या फुटबॉल संघाचा फॅन आणि एक शिवाजी मंडळाच्या. (आमच्याकडं वर्गात जात-बीत नंतर, आधी तालीम. कोल्हापूरकरांना सांगायला नको.) तिसरी मुलगी. ज्याचा ळ ओळखला गेला तो पोरगा पक्का शिवाजीवाला, पण मत त्यानं मुलीला दिलेलं, कारण ती त्याला गणित समजावून सांगते. तेव्हापासून मैदानावर त्याला कुणी पास देत नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुप्ततेवर बोलले. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम ९४: कुणाला मत दिलं हे सांगायला कुणालाही भाग पाडता येत नाही. पोरांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. एकजण म्हणाला, "पण बाई, आमच्यात आबा सांगत्यात, सगळी तिकडंच घालत्यात. लपवायचं कुणापास्नं?" याला काय उत्तर द्यावं? आबा गावात मला रोज भेटतात.

आणि मग एका मुलीनं गोकुळ दूध संघाचा विषय काढला. तिच्या घरी चार म्हशी. दूध आई घालते, पण गोकुळच्या निवडणुकीत मत देतो ठरावधारक. मी सांगितलं, तिथं सभासद म्हणजे गावची दूध संस्था, तिनं ठराव करून एक प्रतिनिधी पाठवायचा, एका संस्थेला एक मत. तिनं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग त्यांनी मत कुणाला घातलं हे संस्थेला कळाय नको का? मत तर आमचं हाय."

मला खरंच उत्तर सुचलं नाही. उद्या सांगते म्हटलं, त्याला आठ दिवस झाले. तर दोन गोष्टींत मदत हवी: अक्षर ओळखू येणार नाही अशी सोपी पद्धत, आणि या मुलीला काय सांगू?

निवृत्त केंद्राध्यक्ष:
बाई, पोरगी हुशार आहे, तिला गप्प करू नका. तिचाच प्रश्न संसदेनं २००३ साली सोडवलाय, पण अर्धाच. राज्यसभेला आमदार मत देतात तेव्हा मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. का, तर मत पक्षाच्या जिवावर आलेलं असतं. जून २०२२ आठवा, सहाव्या जागेला दोन्हीकडून कोल्हापूरचेच गडी होते. त्या वेळी एका आमदाराचं मत बाद झालं, मतपत्रिका दाखवण्यातच चूक झाली म्हणून. आणि त्यानंतर दहाच दिवसांनी त्याच आमदारांनी विधान परिषदेला मत दिलं, ते मात्र गुप्त! तेव्हा तिला सांगा, स्वतःचं मत असेल तर झाकायचं. दुसऱ्याच्या वतीनं देत असशील तर दाखवायचं की नाही, यावर मोठ्यांचंही अजून एकमत नाही.

आबांचं म्हणाल तर पोरांना एवढंच सांगा: आबांनी खुशाल सांगावं, पडद्यामागं आबा नसतात.

रंकाळ्याची हवा:
नावं लिहायला लावलीत तिथंच चुकलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ला, प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, वर चिन्ह चिकटवलेलं. मतदारानं आडोशाला जाऊन कागद नुसता पेटीत टाकायचा. लिहिणं नाही की खूण नाही. तीन बिस्किटांची खोकी आणि नकाशाच्या मागचा कोपरा, काम झालं. सगळ्यांना एकसारखे कोरे कागद द्या फक्त.

धागाकर्ती:
दोघांचे आभार. राज्यसभेचं उदाहरण डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच सांगते. खोक्यांची पद्धत आवडली, पण आमची कार्टी कान देऊन ऐकतील, कुठल्या खोक्यात कागद पडला ते. शिक्का मारायला लावू का? चित्रकलेच्या तासाला भेंडीचे ठसे करतोच, तोच वापरला तर?

निवृत्त केंद्राध्यक्ष:
भेंडी नको. ठसा चहूबाजूंनी सारखा येतो. ओल्या रंगावर घडी घातली की समोरच्या नावावरही तसाच उमटेल आणि मोजताना भांडणं. आमच्या मतपत्रिकेवरच्या फुलीची टोकं एका बाजूला वळलेली असायची ती याचसाठी. घडीनं उमटलेला ठसा उलटा दिसतो, लगेच कळतं खरा कुठला. बटाटा घ्या आणि त्यावर ळ कोरा.